तिघींना आलं की पाटी वर

२३ जून, सोमवार

काल कुंभिवलीत व्याख्यान. हायवेवरून ट्रक जात होते, तरी लोक शेवटपर्यंत बसले. घसा बसला. घरी आले तर वसंताने मीठ-पाणी गरम करून ठेवलेलं. इतक्या वर्षांच्या संसारात माझा घसा बसलाय हे त्याला कळायला मला बोलावं लागत नाही.

आज ९ ब ला गणित. पळसदरीकडच्या वाड्यांवरची मुलं या तुकडीत जास्त. वर्गमूळ घेतलं. तास रंगला. जी संख्या अपूर्णांकात बसत नाही तिची पूर्वीच्या माणसांना वाटलेली भीती, सगळं सांगितलं. शेवटच्या बाकापर्यंत सगळे डोळे माझ्यावर. विचारलं, समजलं? एका सुरात, "हो बाई."

२ जुलै

आज गंमत म्हणून उलटं केलं. वर्गात शिरले ती काही न बोलता. फळ्यावर लिहिलं: √१६ + √९ = ? चिठ्ठीवर उत्तर लिहा, नाव नको.

मधल्या सुट्टीत चिठ्ठ्या उघडल्या. पाच, पाच, पाच. आधी सोळा आणि नऊची बेरीज केली, मग पंचवीसचं वर्गमूळ काढलं. चार आणि तीन सात असं लिहिणारे फारच थोडे. आणि हे मी इतकं रंगवून शिकवल्यावर. त्या तासाला एकाही चेहऱ्यावर शंका नव्हती.

वसंताला सांगितलं. चहा गाळत म्हणाला, "तू बोलतेस तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं, हे मलाच सुचलंय. मग तो कशाला काय विचारेल?"

भांडले. मग परत स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं, बरोबर आहे तुझं.

४ जुलै

आकारिक मूल्यमापन. दरवर्षी हे शब्द आपण लिहितो. सत्र संपत आलं की एका बैठकीत सगळ्यांच्या रकान्यात 'सहभाग चांगला' ओढतो आणि मोकळे होतो. मुळात गोष्ट किती साधी. पोर शिकत असताना ते नेमकं कुठे अडलंय ते बघायचं, आणि त्याप्रमाणे आपण आपलं शिकवणं बदलायचं, आत्ताच्या आत्ता, परीक्षेची वाट न बघता. एखादा क्रांतिकारक विचार मारायचा असेल तर त्याला बंदी घालायची गरज नाही. त्याचा रकाना करावा.

यावर अर्धा तास बोलू शकेन. बोलणार नाही. करून बघणार.

८ जुलै

पाट्या आणल्या. दगडी, लाकडी चौकटीच्या. प्रश्न फळ्यावर, उत्तर पाटीवर, मी सांगितलं की सगळ्यांनी एकदम पाटी वर. एका नजरेत सगळा वर्ग दिसतो.

पहिल्या बाकावरून, "बाई, आमी काय बालवाडीत हाव?"

म्हटलं, मी आहे. मला शिकायचंय तुम्हाला काय येतं ते.

हसले. पण पाट्या वर आल्या.

२१ जुलै

पाट्यांनी माझं बोलणं निम्म्यावर आणलं. प्रश्न, पाट्या, मग ज्याची चूक सगळ्यात उपयोगी त्याच्याकडून सुरुवात. पूर्वी चूक दिसली की राग यायचा, हल्ली उत्सुकता वाटते. हे माझ्यात कुठून आलं माहीत नाही, पण ज्याने दिलं त्याचे आभार.

एक घोळ आहे. मागच्या बाकावर तिघी, एकाच ठाकूरवाडीच्या. रोशनी, सविता, हिरा. तिघींच्या पाट्या रोज हुबेहूब एक. बरोबर तर तिन्ही बरोबर, चूक तर तिन्ही चूक, आणि कित्येकदा तिन्ही कोऱ्या. सरळ कॉपी. रोशनीला उचलून पहिल्या बाकावर बसवलं.

३१ जुलै

रोशनीची पाटी कोरी. पहिल्या बाकावर बसल्यापासून रोज कोरी. आज तास संपल्यावर तिला थांबवलं, तर सविता आपणहून थांबली. हिरा दारात.

"येत नाही का गं तुला?"

सविताच बोलली. ही मुलगी पुढे वकील होईल.

"ती एकटी नाय सांगनार बाई."

"का?"

"बाजूच्याला येत नसल तर त्याच्यासमोर आपली पाटी वर नाय करायची. बरं दिसतं काय ते?"

"मग तुम्ही कॉपी करत नव्हता?"

"कॉपी कशाला? ही आमाला शिकवायची. तिघींना आलं की पाटी वर. नाय आलं तर पुसून टाकायचं."

म्हणजे माझ्या वर्गात मागच्या बाकावर रोज एक शाळा भरत होती आणि मी ती मोडली.

४ ऑगस्ट

रोशनी परत मागच्या बाकावर. सगळ्या वर्गालाच नवा नियम केला. बाकावर आपसात बोला, भांडा, समजवा. पाटी बाकाची एक. पण पाटी वर आली की त्या बाकावरच्या कुणालाही मी उभं करणार आणि 'का' विचारणार. त्याला सांगता आलं नाही तर पाटी खाली.

पहिला दिवस गोंधळाचा. शेजारच्या वर्गातून निरोप आला, जरा हळू.

वर्षानुवर्षं माझ्याच आवाजाने भरलेला वर्ग त्यांच्या आवाजाने भरला. कृतज्ञ वाटलं. कोणाबद्दल ते नीट सांगता येत नाही. सगळ्याबद्दलच.

१९ सप्टेंबर

पोर्शन मागे. मुख्याध्यापकांनी (मु.अ.) आज ऐकवलं. "पाटीलबाई, अ तुकडी दोन धडे पुढे आहे." म्हटलं, अ तुकडीत धडा पुढे आहे, मुलं कुठे आहेत ते विचारलंत का? सर हसले. माणूस वाईट नाही. वरून ताण आहे.

१२ नोव्हेंबर

दिवाळीनंतर पहिल्या सत्राचे पेपर वाटले. रोशनी नापास. हिरा नापास. सविता काठावर पास.

रोशनीचा पेपर तपासतानाच डोक्यात गेलं होतं. अवयव पाडण्याचा अख्खा प्रश्न कोरा. हाच प्रश्न परीक्षेच्या आधी हिराला समजावताना मी तिला बघितलंय. मी बाकामागे उभी होते, तिला माहीत नव्हतं. तिन्ही उदाहरणं बरोबर होती.

बोलावलं. "हे तुला येत होतं."

"हा बाई."

"मग?"

"हिराला येत नवतं."

ओरडणार होते. परीक्षा ही पाटी नव्हे. कागदावर तू एकटी असतेस, जगात कोणी तुझा बाक बघत नाही. तोंडापर्यंत आलेलं सगळं गिळलं. कारण ती काही बंड करत नव्हती. कोणी जेवायचं राहिलं असताना आपण ताटावर बसू नये, तितक्या सहज तिने तो प्रश्न सोडला होता.

१४ नोव्हेंबर

मु.अ. नी नववीच्या नापासांची यादी मागितली. दरवर्षीची रीत. पालकांना बोलवायचं, गोड बोलायचं. मुलीला नववी पास करून दाखला देतो, दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा. म्हणजे ती आमच्या पटावर नाही. म्हणजे आमचा निकाल शंभर टक्के.

बाहेरून बसलेली वाडीवरची मुलगी म्हणजे कोण? तिला शिकवायला कोणी नाही, वह्या नाहीत, घरात बसलेली पोर बघून स्थळं यायला लागतात. सतरा नंबर हा शाळेचा मागचा दरवाजा आहे आणि तो आपण बाहेरून नाही, आतून उघडतो. ज्यांना शाळेची सगळ्यात जास्त गरज त्यांना गाळून शाळा आपला फलक रंगवते.

सरांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "भाषण नको बाई, नावं द्या. निकाल घसरला की लोक पोरं खोपोलीला नेतात. मग तुकडी बंद. मग तुमच्या रोशनीला शाळाच नाही."

त्यांचंही खोटं नाही. म्हणूनच जास्त राग आला.

नावं दिली नाहीत. वार्षिक परीक्षेपर्यंत थांबा म्हटलं.

२६ नोव्हेंबर

संविधान दिन. खालापूरला भाषण. उद्देशिकेतल्या बंधुता या शब्दावर आले आणि रोशनी आठवली. सांगितलं. माझ्या वर्गात एका वाडीवरची मुलगी आहे, येत असलेला प्रश्न तिने परीक्षेत कोरा सोडला, का, तर तिच्या मैत्रिणीला काहीच येत नाही म्हणून. स्वातंत्र्य आणि समता आपण पाठ केली, बंधुता या पोरीने जगून दाखवली. मंडपात टाळ्या थांबेनात. पुढच्या रांगेतल्या बाया डोळे पुसत होत्या.

इतकं चांगलं फार दिवसांत बोलले नव्हते.

२७ नोव्हेंबर

हिरा आली नाही. सविता आली. तासानंतर,

"बाई, तुमी काल खालापूरला आमची गोष्ट सांगितली."

"तुला कसं कळलं?"

"मंडपाच्या खुर्च्या माझ्या मामाच्या टेंपोतून आलेल्या. तो मागं उभा राहून ऐकत होता. रात्री वाडीत सगल्यांना सांगितलं."

"मी नाव नव्हतं घेतलं गं."

"वाडीत नववीला आमी तिघीच हाव, बाई."

रोशनी माझ्याकडे बघतही नव्हती.

४ डिसेंबर

हिरा नाही. बाकावर दोघी. पाटी वर येत नाही.

बाजूच्याला येत नसेल तर त्याच्यासमोर मिरवू नये. हे मी त्यांच्याकडून ऐकलं, त्याचं कौतुक केलं, आणि मंडपभर लोकांसमोर माईकवर नेमकं उलटं केलं. कौतुक रोशनीचं, आणि त्यासाठी हिराला 'काहीच येत नाही'.

७ डिसेंबर, रविवार

वसंताने स्कूटर काढली. वाडीच्या खाली लावून चढलो. हिराची आई अंगणात आवळे निवडून वाटे लावत होती, कर्जतच्या बाजाराला न्यायचे. बसा म्हणाली. पाणी दिलं. मग हात न थांबवता,

"लई मोठं भाषन झालं म्हनं. माझ्या पोरीला कायच येत नाय म्हनून."

"चुकलं माझं. तेच सांगायला आले."

"काय येत नाय ते तुमी सांगितलं. काय येतं ते बघितलं काय?"

नव्हतं बघितलं. खरंच नव्हतं. पाटीवर मी बाक बघत होते, हिराला एकटीला कधी बघितलंच नव्हतं. ती उभी राहायची, अडखळायची, पाटी खाली जायची. कुठे अडखळते ते मी शोधलं नव्हतं.

हिरा दाराच्या आड. हाक मारली, आली. तिची माफी मागितली, आईसमोर. तिने मान हलवली, म्हणजे ऐकलं, एवढंच. मग मी विचारलं, एक बघायचंय, बघू? मातीत काडीने लिहिलं:

८ + ४ = ▢ + ५

चौकटीत तिने बारा लिहिले.

"हे मधलं चिन्ह म्हणजे काय गं?"

"आता उत्तर लिवा."

बस्स. पहिलीपासून आजपर्यंत तिच्यासाठी बरोबरचं चिन्ह म्हणजे उत्तर लिहायचा हुकूम. दोन्हीकडे सारखं असतं हे तिला कोणी सांगितलेलं नाही. सगळी समीकरणं तिथेच अडून बसली होती.

सवयीने तराजू सांगायला लागले. हिरा म्हणाली, "आमी तोलत नाय बाई. वाटे लावतो."

मग वाटेच लावले. एका वाट्यात आधी आठ आवळे, त्यावर चार. दुसऱ्यात पाच. "दोन्ही वाटे सारखे कर." ती सात आवळे टाकून मोकळी. तोंडाने काही मोजलं नाही. मग स्वतःच मातीतल्या बाराकडे बघत राहिली. पायाने पुसले. सात लिहिले.

आई म्हणाली, "एवढंच होतं?"

कुंपणापलीकडून सविता, "बाई, आवले खाऊ नका मधनं. गनित चुकंल."

हिरा हसली. पहिल्यांदा हसताना बघितली तिला. रोशनी पलीकडेच उभी होती. ती हसली नाही, पण आत आली आणि मातीत दुसरं गणित घातलं. निघताना हिराच्या आईने पदराआडून आवळे दिले, दोन मुठी. घेतले. अशा वेळी नको म्हणणं हा माज असतो.

८ डिसेंबर

हिरा आली.

तेच चौकटीचं गणित आज सगळ्या ९ ब ला पाटीवर दिलं, बाकाचं नाही, प्रत्येकाचं. कितीतरी पाट्यांवर बारा. पहिल्या बाकावरसुद्धा. वर्गाला सांगितलं, ही चूक मला हिरामुळे सापडली. ती नसती तर दहावीपर्यंत तुमच्यातल्या निम्म्यांची समीकरणं अशीच लंगडत राहिली असती. हिराने डोकं खाली घातलं. रोशनीने आज पहिल्यांदा परत माझ्याकडे बघितलं.

हिराचे मी किती आभार मानू. माईकवर तर नाहीच.

१९ जानेवारी

मु.अ. नी आज तडजोड पुढे केली. "रोशनी हुशार आहे, तुम्ही म्हणता ते पटतं. तिचं नाव यादीत घेत नाही. हिराला बाहेरून बसू द्या."

"सर, हिराला बाहेर काढलंत तर रोशनी वार्षिकला पेपर कोरा देईल."

"मग हा रोशनीचा प्रश्न झाला."

"नाही. तो आपला प्रश्न आहे. आपल्याकडे एकेकट्याचे गुण लिहायची जागा आहे, तिघींची नाही, म्हणून तो तिचा वाटतो."

सर म्हणाले, "वार्षिकला गणितात दोघी पास झाल्या तर नावं यादीत घेणार नाही. एक जरी राहिली तर मला बोलू नका." हे त्यांनी वरच्यांना न विचारता म्हटलं. त्याबद्दल त्यांचेही आभार. खरंच.

११ फेब्रुवारी

हिरा आता 'का' सांगते. सावकाश, पण सांगते. अडली की मी पुढे बोलत नाही. हे थांबणं मला फार जड जातं. कधी कधी इतका वेळ जातो की वर्ग चुळबुळतो. मग ती म्हणते, "हा, दोन वाटे सारखे," आणि पुढे जाते.

आज एक्स आणि वायच्या समीकरणात उणे चिन्ह घसरलं. सविता, "तुझा वायचा वाटा उंदरानं खाल्ला काय गं?" सगळा वर्ग हसला, हिराही. दुरुस्त केलं.

अवयव अजून कच्चे. वर्तुळावरची प्रमेयं अजून फारच कच्ची.

२३ मार्च

पोशीरहून निमंत्रण, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात व्याख्यान. नाही कळवलं. परीक्षेपर्यंत तिघींना शाळा सुटल्यावर घेते. वसंता डबा घेऊन तिथेच येतो आणि मागच्या बाकावर बसून पेपर वाचतो. एकदा त्याला पाटी दिली. त्याने चुकीचं उत्तर लिहिलं आणि हिराने त्याला समजावलं. मुद्दाम चुकला की खरंच, सांगत नाही.

२ एप्रिल

आज बोलावं लागलंच. तिघींना समोर बसवून म्हटलं, परीक्षेत बाक नसतो. तीन वेगळ्या रांगा असतील. जे येतं ते लिहायचं. रोशनी, तुला हे मान्य नाही, मला माहीत आहे, आणि तुझं चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण तू सोडलेल्या प्रश्नाने हिराला काही मिळत नाही.

रोशनी म्हणाली, "म्हायती हाय बाई." हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

तेव्हा हिरा तिच्याकडे वळली. इतकं सलग बोलताना तिला मी ऐकलं नव्हतं. "तू लिव गं. माझ्यासाठी कोरं ठेवलंस ना, तर मी पेपरला येनारच नाय. घरी आवले निवडीन."

"आता कुठले आवले?" सविता.

"मग करवंदं."



९ एप्रिल

गणिताचा पेपर. स्वतःच्या विषयाला वर्गात पर्यवेक्षण नाही, म्हणून मी व्हरांड्यात, पाणी आणि पुरवण्या द्यायला.

पहिला तास तिघीही लिहीत होत्या. मग अवयवांचा प्रश्न आला असावा. रोशनीचं पेन थांबलं. ती मान वर करून दोन रांगा पलीकडे हिराकडे बघायला लागली. पर्यवेक्षकांनी टोकलं. खाली बघितलं, पुन्हा वर बघितलं. पेन टेबलावर ठेवलं.

माझ्याजवळ बोलायला काहीच नव्हतं, आणि असतं तरी बोलायची परवानगी नव्हती. आयुष्यात इतकी मुकी मी कधी उभी राहिले नाही.

तेवढ्यात हिराने हात वर केला. मला वाटलं, पाणी. आत गेले. न बघता म्हणाली, "पुरवनी."

दिली. तिच्या भरलेल्या कागदावर नजर टाकायचा मोह झाला, टाकली नाही. मागे वळले तेव्हा रोशनी हिराच्या हातातल्या त्या कोऱ्या पुरवणीकडे बघत होती. मग तिने पेन उचललं आणि वाकली. घंटा होईपर्यंत मान वर केली नाही.

हिराने पुरवणीवर काय लिहिलं, बरोबर की सगळंच घसरलं, मला माहीत नाही. तपासायला हा गठ्ठा अ तुकडीच्या सरांना द्या, असं मु.अ. ना सांगून आले. माझ्या हातून पेन हलकं चाललं असतं. सर म्हणाले, "पुढच्या आठवड्यात कळेल, बाई." म्हटलं, हो.

वसंता विचारत होता, कसा गेला पेपर. म्हटलं, तिघी शेवटपर्यंत बसून होत्या.